एका खुलाशाचं उत्तर

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो, हे एक मात्र विसरता येत नाही. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. हत्यार म्हणाल तर नुसता ईमेल होता. तरी त्या दिवशी दुपारभर माझी नजर घड्याळावरून हलली नाही.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात साठीच्या आसपासच्या एक बाई आत आल्या. आसेगावच्या बाजूच्या गावातून प्रवासी जीपने एकट्याच आल्या होत्या. खुर्ची दिली तरी बसेनात.

"साहेब, हे काल सकायपासून घरी नाईत," त्या म्हणाल्या. "अकोल्याले डोये तपासाले चाल्लो म्हणे. अन् चष्मा तं घरीच पडला हाय."

"आणखी काय राहिलं घरी?"

"बीपीच्या गोया. त्या कधीच सोडत नाईत हे. मोबाईल बी लागून नाई राह्यला."

हरवलेला माणूस काय घेऊन गेला यापेक्षा काय ठेवून गेला, हे मी आधी विचारतो. चष्मा माणूस विसरतो. पण रोजची गोळी ठेवून जातो तेव्हा त्याला उद्याची काळजी उरलेली नसते, असं मी दोन-तीनदा पाहिलं होतं. बाईंसमोर चेहरा सरळ ठेवला.

त्यांचे यजमान एका सरकारी कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. घराण्यातले पहिले नोकरदार. गावात त्यांना सगळे बाबूजी म्हणत, मीही तेच म्हणतो. मिसिंगची नोंद केली, सायबर सेलला नंबर कळवला. टीव्हीवरच्या मालिकेत मोबाईलचं लोकेशन दोन मिनिटांत येतं. आमच्याकडे आधी पत्र जातं, मग फोनवर विनवण्या कराव्या लागतात.

कोणाशी वैर आहे का, विचारलं. बाईंनी शेताच्या शेजाऱ्याचं नाव घेतलं. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना वाद होता. मी शेजाऱ्याला आणवलं आणि लगेच आवाज चढवला. चूक केली. त्यात माझा पाऊण तास गेला. म्हातारा डगमगला नाही.

"साहेब, धुऱ्याचं भांडण आमच्या बापायपासून हाय," तो म्हणाला. "त्याच्यासाठी कोणी कोणाले गायब करते काय? पण एक सांगतो. मागच्या हप्त्यात बाबूजी माह्या वावरात आले होते. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणे, पोलीस घरी आले तं घरच्यायसमोर सांगतात काय, का गुन्हा कोणता हाय ते?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, मले काय मालूम? माह्या घरी पोलीस कधी आले नाईत. आज तुमी आले."

माझ्या मागे उभा असलेला ठाण्याचा जमादार खाली मान घालून हसला. मला हसू आलं नाही. घरच्यांना विचारता येईना म्हणून हा माणूस वैऱ्याच्या वावरात गेला होता. बाबूजींना भीती शेजाऱ्याची नव्हती, आमची होती.

बाईंना आणि जमादाराला घेऊन मी थेट त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबल. टेबलावरची दौतसुद्धा रेषेत ठेवलेली.

"पंधरा दिवसांपासून मोबाईलात पाहू पाहू लिहून राह्यले होते," बाई म्हणाल्या. "इचारलं तं म्हणत, ऑफिसचं काम हाय."

"निवृत्त माणसाला ऑफिसचं काय काम?"

"मले वाटलं, असन काही बाकी."

कपाटात लाल फितीने बांधलेली फाइल सापडली. अशी फाइल मी जन्मात पाहिली नव्हती. मोबाईलवर आलेला प्रत्येक मेल बाबूजींनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता आणि खाली 'खरी प्रत' लिहून सही केली होती. त्याखाली स्वतःचं उत्तर. उत्तराचा फोटो काढून मेलने पाठवायचा, अशी त्यांची रीत होती. मुलीने पेन्शनच्या कामासाठी मेल उघडून दिला, तेव्हापासून आलेल्या एकाही पत्राला त्यांनी बिनउत्तराचं ठेवलं नव्हतं. कर्ज देतो म्हणणाऱ्याला लिहिलं होतं, 'सदर कर्जाची मला आवश्यकता नाही, कळावे.' केसांच्या तेलवाल्याला, 'माझे केस वयोमानानुसार गेले असून त्याबाबत माझी तक्रार नाही.'

जमादार हसला, मीही हसलो.

असले नको ते मेल चोर हजारोंनी सोडतात. बहुतेक लोक बघतही नाहीत. जो उत्तर देतो त्याचा पत्ता चालू आहे, माणूस सरळ आहे, एवढं त्यांना कळतं. बाबूजींनी तर पूर्ण नाव, हुद्दा आणि गाव लिहून कळवलं होतं.

पुढच्या पानावर नोटीस होती. कुठल्याशा मोठ्या पोलीस कार्यालयाच्या नावाने. आपण मोबाईलवर अश्लील चित्रे पाहिल्याचे निदर्शनास आले आहे, चोवीस तासांत खुलासा करा, अन्यथा अटक करून नोटीस गावच्या चौकात लावण्यात येईल. मराठी इतकं फाटकं, की बाबूजींनी शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने अधोरेखित केल्या होत्या. म्हणजे चुका त्यांना दिसल्या होत्या. पण भाषा चुकीची म्हणून कागद खोटा, असं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं.

त्यांनी खुलासा दिला. एक नव्हे, सात. पहिल्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'मोबाईलवर बातमी वाचत असताना अनवधानाने एका जाहिरातीस बोट लागले व सदर चित्र अंदाजे तीन सेकंद दिसले, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.' प्रत्येक खुलाशानंतर पलीकडून नवी मागणी होती. आधारची प्रत, मुलीचा पत्ता, जावयाचा हुद्दा. पैशाचा शब्द अजून निघाला नव्हता. आधी माणूस पुरता वाकवायचा, मग मागायचं, ही त्यांची पद्धत.

शेवटची नोटीस दोन दिवसांपूर्वीची. घर सोडून एकांतात राहा, कुटुंबाशी बोलू नका, स्थानिक पोलीसही चौकशीत आहेत म्हणून त्यांना दार उघडू नका. अंतिम निर्णय सायंकाळी पाच वाजता व्हिडिओवर कळवू. नोटिशीतली तारीख आम्ही फाइल वाचत होतो त्याच दिवसाची होती. खुलाशाच्या शेवटी बाबूजींनी लिहिलं होतं, 'निर्णय प्रतिकूल आल्यास कुटुंबास तोंड दाखविणे मला शक्य होणार नाही.'

घड्याळात पावणेदोन वाजले होते. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

जमादाराने फाइलचं शेवटचं पान वर काढलं. "साहेब, हा अर्ज पाहा."

तो रजेचा अर्ज होता. विषय, मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत. सरकारी नोकराने गाव सोडताना परवानगी घ्यायची असते, म्हणून या भल्या माणसाने चोरांकडे परवानगी मागितली होती. अर्जात शेवटी एक रकाना असतो, रजेच्या काळातला पत्ता. तोही त्यांनी भरला होता. रिसोडच्या बसस्थानकाजवळचा एक लॉज. पूर्वी दप्तर तपासणीला जायचे तेव्हा ते तिथेच उतरत.

रिसोडच्या ठाण्याला फोन केला. साध्या कपड्यांतली दोन माणसं लॉजच्या खाली उभी करा, वर कोणी जाऊ नका, असं बजावलं. बाईंना गाडीत घेतलं. रिसोडच्या अलीकडे सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्या रांगेत गेलेली वीस मिनिटं मला जड गेली. उतरून धावावं असं वाटत होतं, आणि माझं वय अठ्ठावन्नाला टेकलेलं.

लॉजवर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मॅनेजर म्हणाला, "काल दुपारी आले. चाय बी नाई घेतला. घरचं भांडण असन म्हणून म्या काही इचारलं नाई." खोली दुसऱ्या मजल्यावर, मागे गॅलरी.

मी दार वाजवलं.

"कोण?"

"पोलीस."

तीस-पस्तीस वर्षांची सवय, दुसरा शब्द तोंडात आलाच नाही. आत खुर्ची सरकली. मग गॅलरीच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. जमादाराने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "साहेब, दार नका तोडू."

बाई पुढे झाल्या. "अवो, मी हाय. उघडा ना."

"तुले काहून आणलं यायनं?" आतून कापरा आवाज आला. "तू जाय घरी. तुह्या बी नावानं कागद काढतीन."

मी पुष्कळ समजावलं. ते मेल खोटे आहेत, असं कोणतंही पोलीस खातं मेलवरून चौकशी करत नाही, अटकही करत नाही. आतून उत्तर नाही. बरोबरच होतं. स्थानिक पोलीस असंच बोलतील, हे त्यांना आधीच लिहून कळवलेलं होतं. माझ्या तोंडी शब्दाला त्या माणसाच्या लेखी काही किंमत नव्हती, तो कागदाचा माणूस होता. हे लक्षात यायला मला दहा मिनिटं लागली.

जमादाराकडून कोरा कागद घेतला. जिन्याच्या पायरीवर बसून, गुडघ्यावर ठेवून लिहिला. 'विषय : आपला खुलासा. आपण सादर केलेले सातही खुलासे वाचले. ते समाधानकारक आहेत. आपल्याविरुद्ध कोणतीही कारवाई प्रस्तावित नाही. प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. आपण मुख्यालयी परतावे.' नस्तीबद्ध म्हणजे फाइल कायमची बंद. खाली सही, हुद्दा, तारीख. कागद दाराखालून आत सरकवला.

पाचला वीस कमी होते. आत काहीच हालचाल नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडात धरून.

"जावक क्रमांक नाई टाकला साहेब," आतून आवाज आला.

"रजिस्टर ठाण्यात आहे. उद्या टाकतो."

पावलं वाजली. मग, अगदी दाराजवळून, "वाचले काय तुमी खरंच?"

"सातही वाचले."

"ते तीन सेकंदाचं?"

"तेही वाचलं, बाबूजी."

कडी निघाली.

त्यांनी बंद ठेवलेला मोबाईल मी चालू करायला लावला आणि बरोबर पाचला तो वाजला. मी उचलला. पडद्यावर गणवेशातला एक इसम होता, त्याच्या खांद्यावर माझ्यापेक्षा जास्त स्टार होते. माझा चेहरा पाहताच त्याने फोन कापला. पुढे रीतसर गुन्हा दाखल झाला. सिमकार्ड परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं, ज्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. खरे हात सापडले नाहीत. ती सल आहे.

परतताना गाडीत बाईंनी यजमानांना गोळी दिली, पाणी दिलं. मला राहवेना. म्हणालो, "बाबूजी, तो माझा कागदही तसा खोटाच आहे. जी नोटीस कोणत्या कार्यालयाने काढलीच नाही, तिचं प्रकरण मी कसं बंद करणार?"

"मालूम हाय मले," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ठाणेदाराले तसा आदेश काढाचा अधिकारच नसते. पण साहेब, एकतीस वर्षं नोकरी केली. लोकायचे खुलासे फायलीत लावले, सोताचे बी देल्ले. खुलासा वाचून कोणी उत्तर देल्लं, असं पहिल्यांदाच झालं."

मी खिशातली डायरी काढली आणि 'जावक क्रमांक' एवढं टिपून ठेवलं.

निवृत्तीनंतर मला शाळा-महाविद्यालयांत बोलावतात. मी सांगतो, अनोळखी मेलला उत्तर देऊ नका, त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नका, भीती दाखवणारा कागद आला तर आधी घरच्यांना दाखवा आणि मग ठाण्यात या. सगळं खरं आहे. पण चोरांनी बाबूजींमध्ये नवी भीती घातली नव्हती. ती आम्ही, खुर्चीवर बसणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं तयार करून ठेवली होती. त्यांनी ती फक्त वापरली. या गोष्टीची मला लाज वाटते.

त्या संध्याकाळी ठाण्यात आल्यावर मी टेबलाचा खण उघडला. माझ्याच माणसांना मी दिलेल्या नोटिसांचे चार खुलासे तिथे पडून होते. त्यातला एक तीन महिन्यांपूर्वीचा, त्याच जमादाराचा, जो दिवसभर माझ्यासोबत होता. बंदोबस्ताला गैरहजर राहिल्याबद्दल मी त्याला कडक नोटीस काढली होती. त्याने लिहिलं होतं की त्या दिवशी त्याच्या आईच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि सही करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मी तो कागद तेव्हा न वाचताच खणात टाकला होता. हा माणूस तीन महिने रोज मला सलाम ठोकत होता आणि मी एकदाही त्याच्या आईची चौकशी केली नव्हती.

दोनदा वाचला. खाली 'समाधानकारक' लिहून सही केली, जमादाराला आत बोलावलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

"आई कशी आहे आता?" मी विचारलं.

त्याने कागद वाचला, नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवला.

"गेली साहेब," तो म्हणाला. "दीड महिना झाला."