रफूवाल्या आत्याची पिल्लं

आत्या रफू करायची. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की उंदराने कुरतडलेली शाल, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढून ती ते असं भरायची की गिऱ्हाईक घरी नेल्यावर भोक कुठे होतं ते शोधत बसायचं. नवरा सोडून गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, आणि मागच्या खोलीत तिने दोन गोष्टी मांडल्या: खिडकीशी कामाचं टेबल आणि भिंतीशी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी.

टाकीत चार-सहा मासे आणि दोन कोळंब्या होत्या. कोळंब्या खायच्या नव्हेत, शोभेच्या. लाल पाठीवर मधोमध एक पांढरा पट्टा आणि लांब पांढऱ्या मिशा. माशांच्या अंगावरचे किडे आणि मेलेली कातडी त्या टिपून खातात.

"प्यायचं पाणी येतं एक दिवसाआड," आई म्हणायची, "आणि आमच्या वन्संना त्यात मीठ घालायची हौस!"

त्या दोघी कोळंब्या दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी धरायच्या. पोटाखाली हिरवट मोत्यांचा घोस दिसायचा. पिल्लं बाहेर पडली की टाकीतले मासे त्यांचा फडशा पाडायचे. टाकीचं सामान देणारा दुकानदार आत्याला म्हणाला होता, "ताई, ही घरात वाढत नाहीत. सगळी समुद्रातूनच धरून आणतात. माझ्या एकाही गिऱ्हाइकाला जमलेलं नाही." झालं. आत्याने पिल्लं वेगळी काढून वाढवायचा ध्यास घेतला. पहिली खेप नवव्या दिवशी मेली, दुसरी विसाव्या. पाचव्या खेपेपर्यंत हा तिच्यासाठी नुसता हट्ट होता.

मग तिचे डोळे गेले. एकदम नाही. आधी सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, मग नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायची. डॉक्टरांनी डाग वाढणार असं स्पष्ट सांगितलं होतं. घरी तिने अवाक्षर काढलं नाही. एक दिवस, तिला रफूचं काम पाठवणाऱ्या ड्रायक्लीनरने एक कोट परत आणला. कोपरावरचं रफू एखाद्या जखमेसारखं गोळा झालं होतं. त्यानंतर त्याने कपडे पाठवणं बंद केलं.

त्याच आठवड्यात कोळंबीने पुन्हा अंडी धरली.

"या वेळी जगवायचीच," आत्या मला म्हणाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, नोकरी सुटल्यामुळे घरीच होते. "पुढच्या वर्षी मला हेही दिसणार नाही. तू माझे डोळे हो."

टाकीचा दिवा मालवल्यावर तासाभरात पिल्लं सुटली. मी बॅटरी धरली, ती उजेडाकडे गोळा झाली आणि मी ती वाटीने उचलली. पापणीच्या केसाएवढी, काचेसारखी, नुसते डोळे तेवढे काळे. साधारण तीनशे. गोल भांड्यात खालून हवेचे बुडबुडे सोडून त्यांना तरंगत ठेवायचं, दिवसातून चार वेळा बारीक जिवंत किडे उबवून खायला घालायचे, मेलेली नळीने ओढून काढायची. पिल्लं उलटी तरंगतात; तळाशी पायांवर उभी राहिली की ती कोळंबी झाली, जगली म्हणायची. आत्या शेजारी स्टुलावर बसून विचारायची, "फिरतायत?"

"फिरतायत."

अडतिसाव्या दिवशी मी मुलाखतीला गेले होते. पाण्यातलं मीठ मोजायची एक छोटी नळी असते. तिच्यात थेंब टाकून उजेडाकडे धरायची आणि आतला आकडा वाचायचा. माझी वाट न बघता आत्याने तो स्वतः वाचला. डोळा तिरका करून, डागाच्या कडेने. तिला मीठ कमी वाटलं, म्हणून तिने घातलं. मी परत आले तेव्हा भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसला होता. तो पिल्लांचा होता.

"बरोबर आहे ना गं मीठ?" तिने विचारलं.

मी नळीतून पाहिलं. "जरा जास्त झालंय," मी म्हटलं. "थोडी गेली. बरीच आहेत."

अकरा होती.

नऊ दिवस मी खोटं बोलले. आत्या तीनशे पिल्लांच्या हिशेबाने किडे उबवायची, तिच्यासमोर मला ते घालावे लागायचे, आणि ती बाहेर गेली की मी ते काढायला बघायची. सगळे निघत नसत. ते पाण्यातच मरून कुजू लागले. दहाव्या दिवशी आत्याने भांड्यावर नाक नेलं आणि ती ताठ झाली.

"किती आहेत? खरं सांग."

"चार."

"आणि त्या दिवशी?"

मी सांगितलं. आत्या ओरडली नाही. "मिठाने मी मारली," ती म्हणाली, "पण ही सात तुझ्या दयेने मेली. मला कळलं असतं तर मी अकरा जणांपुरतंच घातलं असतं." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मोरीत ओत सगळं. माझे हात गेले, डोळे गेले, आता तुझ्या शब्दावरही भरवसा नाही. कशाच्या आधारावर करू?"

दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. जेवण तसंच परत यायचं. मी ओतलं नव्हतं, पण तिला सांगायचीही सोय नव्हती. माझं ऐकणार कोण?

तिसऱ्या दिवशी आई आत गेली. पदराला हात पुसत तिने ती नळी उजेडाला धरली.

"वन्सं, पस्तीस आकडा आहे. चालतो का?"

आत्याने मान वळवली. "वहिनी, तुम्ही?"

"हो, मी. पिल्लं तीन आहेत. त्यातलं एक आज जाईल असं वाटतंय. मला तुमच्याशी गोड बोलायचं कधीच जमलं नाही, तेव्हा मी सांगते ते खरं धरा. उठा, किती किडे घालायचे ते सांगा."

आत्या उठली. ते एक त्याच संध्याकाळी गेलं, आणि आईने तसं सांगितलं. दुसरं सत्तराव्या दिवशी गेलं, तेही सांगितलं. उरलेल्या एकासाठी दोघी दिवसातून चार वेळा वाकायच्या, आई बघायची आणि आत्या ऐकायची. मला त्यांनी पाणी भरायला ठेवलं होतं.

ब्याण्णवाव्या दिवशी आई म्हणाली, "हे आता उलटं तरंगत नाही. तळाशी पायांवर उभं आहे. वाकडंच आहे जरा."

"पाठीवर पट्टा?"

"आहे. दोऱ्याएवढा."

आत्या स्टुलावर बसून रडली. आनंदाने रडली असं मी म्हणणार नाही. "तीनशे होती, वहिनी," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

त्यानंतर कोळंब्यांनी कितीदा तरी अंडी धरली. आत्याने पिल्लं पुन्हा कधी वेगळी काढली नाहीत. दिवा मालवल्यावर ती खोलीतून निघून जायची. रफूचं टेबल आम्ही हलवलं. करडा डाग पसरत गेला.

ते पिल्लू मोठं झाल्यावर आईने त्याला टाकीत सोडलं. आता आत्या दुपारी बाही वर करून टाकीत हात घालते आणि न हलता बसते. थोड्या वेळाने कोळंब्या येऊन तिच्या नखांभोवतीची कातडी टोचून टोचून साफ करतात.

"वहिनी, यातलं आपलं कुठलं?"

"अंगठ्यावरचं," आई भाजी निवडता निवडता मान वर करून, नीट बघून सांगते. कधी कधी म्हणते, "आज नाही आलेलं."