मामांची फळी आणि माझी करवत

सासऱ्यांनी दिलेली फळी मी त्यांच्याच सांगण्यावरून कापली, असं मी आजवर सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

आमच्या बेटावर, मोका गावात आम्ही काँक्रीटचं घर बांधलं, तेव्हाची, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणतो) कांप दे मास्क गावात ऊस करायचे आणि फावल्या वेळात सुतारकाम. न्हाणीघरातल्या लाव्हाबोसाठी (आमच्याकडे बेसिनला कुणी बेसिन म्हणत नाही) त्यांनी फणसाची जाड फळी करून पाठवली, मधोमध भोक पाडून. माझ्या बायकोची, शांताची, एकच इच्छा: गणेशचतुर्थीला वडिलांनी एक रात्र तरी आपल्याकडे राहावं. मामा यायचे, जेवायचे, आणि "गाई वाट बघतात" म्हणून शेवटची बस धरायचे.

चतुर्थीआधी फळी बसवायचीच, असं मी ठरवलं. न्हाणीघरात समोरासमोरच्या भिंतींना एकेक खाच होती. गवंड्याचा आळस, मी म्हटलं, आणि दोन्ही खाचा सिमेंटनं बुजवल्या. (वर शांताला कौतुकानं दाखवल्यासुद्धा.) मग फळी उचलली, तर ती मावेना.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मामांच्या शेजाऱ्याकडे फोन लावला.

"मामा, जागा कमी वाटते. बसंल का फळी?"

"कापाव," मामा म्हणाले.

"कापावं?"

"कापाव, कापाव. जोर लावा जरा."

मी जोर लावला. एक टोक कापलं, ते तिरकं गेलं. ते सरळ केलं, तर भोक मधोमध राहिना. म्हणून दुसरं टोक कापलं.

"अहो, बाबांना येऊ द्या की," शांता दारातून म्हणाली.

"बाबांनीच सांगितलंय."

शेवटी फळी दोन्ही भिंतींमधून अलगद सुटली आणि माझ्या पायावर आली.

चतुर्थीला मामा हात धुवायला न्हाणीघरात गेले, ते बाहेर येईनात.

"जावईबापू, माझ्या खाचा कुठं गेल्या?"

"तुमच्या?"

"मीच गवंड्याकडून करून घेतल्या. फळीची टोकं त्यात सरकवायची होती. आणि ही कापली कुणी?"

"तुम्हीच म्हणालात, कापावं."

मामांनी फळीचं कापलेलं टोक चाचपलं. "अहो, मराठी नाही, मी इथली क्रेओल बोली बोललो. कापाव. म्हणजे बसंल कदाचित."

आता खरं सांगतो. कचेरीत साहेबांनी "आज होईल का काम?" असं विचारलं, की माझं ठरलेलं उत्तर "कापाव" हेच असायचं. फोनवर मला शंका आलीच होती. पण शब्दाचा अर्थ विचारला, तर जावयाला मराठीही कळत नाही आणि क्रेओलही, असं मामांना वाटलं असतं. अब्रू वाचवायला मी फळी कापली.

मामांनी टोपी खुंटीला अडकवली. "घरात छिन्नी आहे का?"

त्या दिवशी बस त्यांना न घेताच गेली. खाचा पुन्हा फोडायच्या, फळीला टोकं जोडायची. मामा आठवडाभर राहिले. गाई शेजाऱ्याने बघितल्या. शांता माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण रोज वडिलांच्या आवडीचं रांधताना गुणगुणत होती.

पुढच्या चतुर्थीला महिना उरला, तेव्हा तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, यंदा काय बिघडवताय?"