बारीक भाऊ आधी गेला

आत जयंता छातीला वायरी लावून चालत्या पट्ट्यावर धापा टाकत होता, आणि बाहेर बाकावर हरिदास बसल्या बसल्या गेला. तपासायला आणलं होतं जयंताला. हरिदास, त्याचा मोठा भाऊ, नुसता सोबत आलेला, पिशवी धरायला.

सकाळी दोघं दिल्लीतल्या पहाडगंजहून मेट्रोनं नोएडाच्या हार्टच्या दवाखान्यात निघाले. स्टेशनच्या जिन्यावर हरिदास थांबला, छाती चोळायला लागला.

"काय रे दादा?"

"जळजळ. काल छोले-भटुरे जरा जास्तच झाले."

"चल, आज तुझाही ईसीजी काढू. मशीन तिथंच आहे."

"माझ्या अंगावर मांस कुठंय, मशीन धरेल काय? तू स्वतःचं बघ, हत्ती. तुझ्या तिरडीला चौघं नाही पुरायची."

असंच बोलायचा तो. एक हत्ती, एक काडी. लग्न दोघांनीही केलं नाही. आईबाप गेल्यावर भाड्याच्या खोलीत दोघंच. पोळ्या हरिदास लाटायचा, भांडी जयंता घासायचा, आणि दिवसभर एकमेकांना टोमणे. काडीला हार्टचं काय होणार, असं दोघांनाही पक्कं वाटायचं.

तिथली डॉक्टरीण रुचिरा पुण्याकडची, मराठी बोलणारी. हरिदास अटॅकनं गेल्याचे कागद आटपल्यावर तिनं जयंताला आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "दादांचा जन्म कधीचा?"

"बहात्तरच्या दुष्काळातला. आई पोटुशी असताना खडी फोडत होती. मी पुढं दिल्लीत झालो. तोवर बाबांना सरकारी हपिसात शिपायाची नोकरी लागली होती, घरात दूध यायचं."

"जयंतजी, आईच्या पोटात असताना आणि पहिली दोन-तीन वर्षं ज्यांना पुरेसं मिळत नाही, त्यांचं शरीर काटकसरीनं बनतं. पुढं भरपूर खायला मिळालं की त्यांना ते झेपत नाही. हातपाय बारीकच राहतात, चरबी पोटात साठते. अशांना हार्टचा धोका जास्त असतो. दादांचं नक्की यामुळंच झालं, असं मी नाही सांगू शकत. पण बारीक म्हणजे सेफ, असं नसतं."

खरंच, हरिदासचं पोट तेवढं गोल होतं. शर्ट बाहेर सोडला की दिसायचं नाही. दिल्लीत आल्यापासून तो लहानपणी न मिळालेलं सगळं वसूल करत होता, छोले काय, रबडी काय.

पण लोकांना हे कोण सांगणार? दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या सुधाकररावांनी नुसतं ऐकलं, भाऊ गेला, हार्टचं होतं. त्यांनी ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकली, फोटो जयंताचा. मग हरिदासच्या फोनवर फोन सुरू झाले, आणि ते उचलायचे जयंतानंच.

"हरिभाऊ, फार वाईट झालं. पण जयंताचं वजन बघता..."

"मी जयंताच बोलतोय. दादा गेला."

पलीकडून, "अच्छा. हरिभाऊ? पण ते तर..." एवढं बोलून सगळे फोन ठेवायचे.

सुधाकररावांनी फोटो बदलला, सॉरी यार म्हणाले. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच जयंताला खालून वरपर्यंत बघायचा. जायचा होता हा, गेला तो, असं. हळूहळू जयंतालाही तसंच वाटायला लागलं. आपण दुसऱ्याच्या सीटवर बसलोय, आता कुणीतरी येऊन उठवेल. ताट वाढून घ्यायचा, पण घास आत जायचा नाही.

दहावा झाल्यावर गावाहून चंद्रप्रभा आत्याचा फोन आला. तिला ना फोटो ठाऊक, ना ग्रुप.

"हरीच गेला ना रे जया?"

"हो आत्या. तुला कुणी सांगितलं?"

"दोघांतला एक गेला एवढंच कळलं, कुठला ते सांगायला कशाला पायजे. दोन मुठींचं पोर ते. मीच न्हाऊ घातलंय. वहिनीला दूध नव्हतं, दुष्काळी कामावर मिळायची ती सुकडी पाण्यात कालवून बोटानं चाटवायचो. तवापासून वाटायचं, टिकतंय का न्हाई. टिकलं की एवढी वर्षं." मग म्हणाली, "तू कसा हायस? तू बरा ऱ्हा बाबा."

हे त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

मग आत्या सुनेशी काहीतरी बोलायला वळली आणि फोन बंद करायचा विसरूनच गेली. तिकडं भांडी वाजत होती, म्हैस ओरडत होती, कुणी पोराला जेवायला हाका मारत होतं. जयंतानं फोन कट केला नाही. तो ताटाशेजारी ठेवला, वरण-भात कालवला आणि जेवायला लागला.