बारावं वर्तुळ

फारसी घेऊन काय करणार, इराणला जाणार का, असं मला बी.ए. करताना ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे. ही माणसं सकाळी उठल्यापासून 'जमीन', 'कागद', 'शिफारस', 'हजर' म्हणत आणि वर मलाच विचारत की ही परक्यांची भाषा कशाला. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. औरंगाबादेत मराठीला तिची जागा मिळाली होती, ती मिळायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार हाही फारसीतून आलेला शब्द, पण मला दुसरा सुचत नाही.

आमच्या वर्गात आम्ही तिघंच होतो. मी, उर्दू शाळेतून आलेली एक मुलगी आणि दौलताबादचा एक शेतकऱ्याचा मुलगा. त्याचं शेत किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. घरी येणारे पाहुणे किल्ल्याच्या दरवाजावरचा फारसी लेख दाखवून काय लिहिलंय विचारत आणि ते सांगता येत नाही याची त्याला लाज वाटे, म्हणून त्यानं फारसी घेतली. शिकवणारे सर औरंगपुऱ्यात राहत, सायकलवर येत. जन्मानं ब्राह्मण, कपाळावर गंध, संध्या केल्याशिवाय पाणी न पिणारे. तरी सगळं कॉलेज त्यांना 'मौलवी' म्हणायचं. ते हसून सोडून द्यायचे. मला मात्र ते ऐकलं की डोक्यात तिडीक जायची.

शेवटचं वर्ष सुरू होणार आणि सूचनाफलकावर प्राचार्यांच्या सहीचा कागद लागला. विद्यार्थी पुरेसे नसल्यानं फारसीचा वर्ग बरखास्त करण्यात येत आहे, संबंधितांनी दुसरा विषय निवडावा. निवडावा म्हणे, मंडईत भाजी निवडावी तसा. दुसरा विषय घ्यायचा तर मागची दोन वर्षं पाण्यात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माझ्याकडे ती दोन वर्षं नव्हती. पदवीची तीन वर्षं सरेपर्यंत लग्नाचं बोलायचं नाही, पण त्यापुढं एक दिवसही थांबायचं नाही, असं घरात ठरलं होतं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या नातेवाइकांना तसा शब्द दिला होता. वर्ग गेला की माझी पदवी गेली, इतकं ते सरळ होतं.

सर फलकासमोर उभे राहिले आणि तिथंच त्यांनी आमचा तास घेतला. बरखास्त म्हणजे मूळ फारसीत काय, असं त्यांनी दौलताबादच्या मुलाला विचारलं. त्यानं सांगितलं, 'उठला'. सर म्हणाले, "बरोब्बर. म्हंजे फारसी उठली, असं लिवलंय साहेबांनी. यांना आपल्याच चिठ्ठीचा अर्थ लागत नाय." ते हसले, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

मी अर्ज करायचं ठरवलं. अण्णांनी सारी हयात तहसिलीत कारकुनी केली होती आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या दरखास्ती तेच लिहून देत. त्यांचं शिक्षण उर्दूत झालं होतं. वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला म्हणून त्यांनी हातावर छड्या खाल्ल्या होत्या आणि ते सांगताना अजूनही त्यांचा तळवा आपोआप मिटायचा. देवनागरी ते घरी, चोरून शिकले. अक्षर पोरासारखं गोल, पण मजकूर असा की अधिकारी उठून उभा राहावा.

त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. "साहेबांच्या खिदमतीत दरखास्त सादर करण्यात येते की, मजकूर वर्ग बंद झाल्यास अर्जदाराची दोन साल नाहक जाया होतील. तरी मेहरबानी करून वर्ग जारी ठेवण्याचा हुकूम फर्मावावा." शेवटी त्यांनी कागद हातात घेऊन तो एकदा मोठ्यानं वाचला आणि त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. ही आमच्या घरची मराठी होती. आई भाजीवालीशी बोलायची ती हीच.

तीन दिवसांनी अर्ज परत आला. प्राचार्य पुण्याकडचे, भाषाशुद्धीचे मोठे अभिमानी. त्यांनी लाल पेन्सिलीनं एकेका शब्दाभोवती वर्तुळ काढलं होतं. खिदमत, दरखास्त, मजकूर, अर्जदार, साल, नाहक, जाया, मेहरबानी, जारी, हुकूम, फर्मावावा. अकरा वर्तुळं. 'साहेब' आणि 'बंद' नजरेतून निसटले आणि 'सादर' सुटला, तो त्यांना संस्कृत वाटला असणार. समासात लिहिलं होतं, 'पदवीच्या विद्यार्थिनीस शुद्ध मराठी येऊ नये हे लज्जास्पद आहे.' आणि खाली, ठळक अक्षरात, 'नामंजूर.'

मी तो कागद घरी दाखवायला नको होता. पण मला वाटलं अण्णा हसतील. 'नामंजूर'वर बोट ठेवून मी हसतच तो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी शेवटची ओळ वाचलीच नाही. ते एकेक वर्तुळ बघत गेले, सावकाश, तपासनीस बघतो तसं. मग म्हणाले, "मराठी बोललो म्हणून छडी खाल्ली, माय. आता मराठी लिवली तर ही लाल पेन्सिल. मग आमची भाषा हाय तरी कोन्ती?"

मी कागद घडी करून वहीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी लाल पेन्सिल घेतली, 'नामंजूर'भोवती बारावं वर्तुळ काढलं आणि कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "सर, एक शब्द राहिला होता."

त्यांनी पाहिलं. क्षणभर कान लाल झाले. मग त्यांनी शांतपणे पेन उघडलं, 'नामंजूर' खोडलं, वर 'अमान्य' लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. चूक दाखवली तर माणूस ती दुरुस्त करतो, निर्णय नाही. हे मी त्या खोलीत शिकले.

वर्ग उघडला नाही. दौलताबादच्या मुलानं इतिहास घेतला, उर्दू शाळेतून आलेल्या मुलीनं शिक्षण सोडलं. सरांना वाचनालयात पुस्तकांवर नंबर टाकायला बसवलं. मी बाहेरून परीक्षा द्यायची असं अण्णांनीच ठरवलं, वर्ष जास्त लागलं तरी चालेल म्हणाले. नातेवाइकांना दिलेला शब्द त्यांनी माझ्यासाठी मोडला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. सकाळी सात वाजता मी औरंगपुऱ्यात सरांच्या घरी जायची आणि ते देवपूजा उरकून मला शिकवायचे. पदवी मिळाली. लोकांनी पेढे खाल्ले आणि पुन्हा विचारलं, आता इराणला का.

पण अण्णांनी त्या दिवसानंतर कुणाचाही अर्ज लिहिला नाही. गल्लीतली माणसं सवयीनं येत, ओसरीवर बसत, कागद पुढं करत. अण्णा हात मागं घेत आणि आत माझ्याकडे बोट दाखवत.

"तिच्याकडून लिवून घ्या," ते म्हणत. "माझी मराठी आता चालत नाय."