होय साहेब

दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यावं हे शिकवायला आलेला तो माणूस दिवसभर कुणाचंच ऐकून घेत नव्हता. मी तेव्हा जव्हारच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून नवी होते. कुपोषित बाळांच्या आयांशी बोलायचं कसं, याच्या प्रशिक्षणाला आम्हाला मोखाड्याला बोलावलं होतं. कुणी तोंड उघडलं की हा डोळे मिटून मान डोलवायचा आणि त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. माझंही केलं, तेही चुकीचं!

संध्याकाळी प्रात्यक्षिक म्हणून त्यानं पोशेरा गावाहून आलेल्या एका बाईला समोर बसवलं. तिच्या मांडीवरच्या पोराची नुसती हाडं दिसत होती.

"बाळाला दर दोन तासांनी भरवायचं."

"मी सकाली कामावर..."

"कामावर जाण्याआधी भरवायचं, बरोबर! आणि मग दर दोन तासांनी. भरवणार ना?"

"होय साहेब."

"पाहिलंत?" तो आमच्याकडे वळला. "पटलं तिला."

माझं डोकंच फिरलं. मी तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेले. "अगं, होय कशाला म्हणालीस? दिवसभर पोराजवळ असतं कोण?"

"कोनी नाय," ती म्हणाली. "पन नाय बोलली असती तर त्यानं सोडली असती काय? माझी गावाची जीप गेली असती." आणि ती पोराला कडेवर घेऊन धावलीच.

मी आत आले तेव्हा तो हातावरची खडूची पूड झटकत होता. "मग, आयांशी कसं बोलायचं, समजलं ना सगळ्यांना?"

बाहेर जव्हारची शेवटची एसटी लागली होती.

"होय साहेब," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.