बाबांचं वतन

नव्वद साल उलटून गेल्यावरची गोष्ट. मी बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो आणि माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. बाहेरच्या कंपन्या येत होत्या, बरोबरीची मुलं भराभर नोकऱ्या बदलत होती आणि आमचे साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये निष्ठेवर बोलत होते. पुण्याच्या एका कंपनीनं मला बोलावलं होतं. मी होही म्हणत नव्हतो आणि नाहीही.

कंपनीच्या बसमध्ये शेजारी नवा माणूस बसला की ठरलेला प्रश्न यायचा, "तमारुं वतन कयुं?" गुजरातीत वतन म्हणजे मूळ गाव. मी बडोदा सांगितलं की समोरचा हसून म्हणायचा, ते राहण्याचं झालं, पण वतन? आडनावावरून त्यानं ओळखलेलं असायचं. मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

बाबांना मात्र हा प्रश्न आवडायचा. ते शाळेत चित्रकला शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून बडोद्याला आले, त्यांनी राजाला इमान दिलं, असं ते सांगत. गाव मात्र साताऱ्याकडे, देशावर. आमच्या घरात देश म्हणजे भारत नव्हे, तर घाटावरचा तो मुलूख, जो बाबांनीही कधी पाहिला नव्हता. माझ्या पुण्याच्या मुलाखतीचं कळल्यावर ते म्हणाले, "एवढ्या लांब जातोच आहेस, तर मीही येतो. वतन बघून येऊ."

मुलाखत आटोपली आणि आम्ही एसटीनं गावात पोचलो. आडनाव सांगितल्यावर लोकांनी भावकीतलं एक घर दाखवलं. घरमालक बाबांच्याच वयाचे, ऊस लावणारे शेतकरी होते. त्यांनी पाणी दिलं, सतरंजी टाकली आणि कुठून आलात, काय काम काढलंत, असं विचारलं. बाबा अगदी आनंदानं म्हणाले, "आमचं वतन बघायला आलोय."

घरमालकांचा चेहरा पडला. इथं वतन म्हणजे पिढीजात जमीन आणि तिच्यावरचा हक्क, हे बाबांना माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. त्या दिवसांत कारखान्यांसाठी जमिनी विकत घेणारे लोक गावात मोटारींतून फिरत होते. भाव चढले होते.

"म्हंजी हिस्सा मागाया आलाय व्हय?" ते म्हणाले.

बाबा आधी हसले, मग समजावू लागले. गुजरातीत त्याचा अर्थ वेगळा होतो, आम्हाला काही नको, नुसतं गाव बघायचं होतं. बोलता बोलता त्यांच्या तोंडून सवयीनं दोनदा गुजराती 'बराबर' आणि एकदा 'एटले' निघून गेलं. ते जितकं समजावत होते तितका त्या माणसाचा संशय वाढत होता. शेवटी घरमालक उठले आणि म्हणाले, असं असेल तर भैरोबाच्या देवळात चला आणि बेलभंडारा उचलून शपथेवर सांगा.

मी तावातावानं पिशवी उचलली. बाबांनी माझा हात दाबला.

देवळात बाबांनी हळदीनं माखलेली बेलाची पानं ओंजळीत घेतली आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, की या जमिनीवर माझा आणि माझ्या मुलाबाळांचा कसलाही हक्क नाही. मी खांबाला टेकून ऐकत होतो. जे मला कधी हवंच नव्हतं ते गेल्याचा मला एवढा राग का आला, ते कळेना.

त्यानंतर तो माणूस एकदम मोकळा झाला. जेवल्याशिवाय सोडायला तयार होईना. बाबा भाकरी आणि झुणका आवडीनं जेवले. मी अर्धी भाकरी पानात ठेवून उठलो.

परतीच्या एसटीत मी विचारलं, कशाला ऐकलंत त्यांचं?

"त्याला झोप तर लागेल," बाबा म्हणाले. "आपण निघून आलो. त्याला तिथंच राहायचंय."

मी पुण्याची नोकरी धरली. तिथं घरमालकीणबाई मला 'आमचे गुजराथी' म्हणायच्या. वर्षभरात मी तीही नोकरी सोडून दुसरी घेतली. बाबा मात्र दर जत्रेला गावी जाऊ लागले. आधी देवळात उतरत, नंतर त्याच घरी. आई बडोद्यातल्या आमच्या अकोट्याच्या घराच्या दारात उभी राहून म्हणायची, आपलं जे काही आहे ते विश्वामित्रीच्या काठी आहे, हे यांना कोण सांगणार.

काही वर्षांनी गावच्या त्या घरचे काका लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन बडोद्याला आले. मी सुट्टीवर होतो. साड्या घ्यायला आम्ही लहरीपुऱ्यात गेलो. बाजारात बाबांना दर चार पावलांवर कुणीतरी थांबवत होतं. जुने विद्यार्थी वाकून नमस्कार करत होते. साडीवाल्यानं चहा मागवला, बाबांनी गुजरातीत त्याची थट्टा करत भाव उतरवला आणि दुकानातली सगळी माणसं हसली. काका एकटक बघत होते. बाहेर आल्यावर ते माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले, "तुझा बा तर पक्का हितलाच हाय की रं."

बाबा एक पाऊल पुढे होते. त्यांनी ऐकलं. साड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गर्दीतून इतक्या भरभर चालू लागले, की आम्हा दोघांना त्यांना गाठता येईना.