किळसेचे पाच शब्द

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही मला विचारलंत की 'डिस्गस्टिंग'च्या ऐवजी दुसरे कोणते शब्द वापरता येतील, शाळेत निबंधासाठी हवे आहेत. सांगते म्हणाले आणि मी विषय बदलला. शब्द मला पाठ आहेत. पण आता मलाही अंथरुणातून उठवायला बाई येते, तेव्हा शब्दांबरोबरची गोष्टही लिहून ठेवलेली बरी.

मी नगरला शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हा समानार्थी शब्दांची एक वही केली होती. किळसेच्या पानावर पाच शब्द आहेत, चढत्या क्रमाने. 'अनप्लेझंट' म्हणजे नुसतं नकोसं. 'डिस्गस्टिंग' कशालाही चालतं, म्हणून ढिलं. 'नॉशिएटिंग' वासाचं आणि पोटाचं. 'रिव्होल्टिंग' म्हटलं की सगळं अंगच मागे सरतं. 'लोदसम' म्हणजे घृणा वाटावी असं; ते शक्यतो माणसाला लावू नये. ही शेवटची सूचना मी लाल शाईनं लिहिली होती.

तुमच्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं आणि आम्ही त्यांना पारनेरकडच्या गावाहून नगरजवळ केडगावला आमच्या घरी आणलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांना कळू नये असं काही असलं की तुमचे आजोबा आणि मी इंग्रजीत बोलायचो. शिकलेल्या घरांत तेव्हा ती रीतच होती. आत्याबाई कॉटवरून हसायच्या. "तुमचं इंग्रजी लागलं की वळखावं, माजंच कायतरी चाललंय. लई सोपी भाषा हाय."

आम्हीही हसायचो.

त्यांचं सगळं मी वेळेवर करत होते. सहाला भांडं, साडेसहाला अंग पुसणं, सातला चहा. एका सकाळी मी शाळेची साडी नेसून तयार होते आणि नुकतीच बदललेली चादर पुन्हा भरली. दारात तुमचे आजोबा उभे होते. मी त्यांना म्हणाले, "इट इज रिव्होल्टिंग." उच्चार, शब्दाची निवड, सगळं बरोबर होतं. मग मी चादर बदलली. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. पुढे चतकोरच. सकाळी भरून ठेवलेलं पाण्याचं फुलपात्र मी शाळेतून येईपर्यंत तसंच असायचं. मला वाटलं, वयामुळे असेल. आणि खरं सांगायचं तर माझं काम हलकं झालं होतं, म्हणून मी फारसं विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात पाणीच राहिलेलं नाही. मी फुलपात्र ओठांना लावलं तेव्हा त्यांनी ते हातानं बाजूला केलं.

"प्यालं की तुलाच धुवावं लागतं, पोरी. नगं."

"आत्याबाई, मला त्याचं काही नाही."

"तोंडावरनं दिसतंय की," त्या म्हणाल्या. रागानं नाही.

मी रजा घेतली. त्यांच्या कॉटवर बसून, त्यांच्याच ताटात जेवू लागले. माझ्यासाठी म्हणून त्या चार घास खायच्या. पाणी मात्र घोटभर, तेही मी बघत असले तरच. तीन आठवड्यांत त्या गेल्या. तुमच्या आजोबांनी मला कधी काही म्हटलं नाही. घरात आम्ही पुन्हा इंग्रजीत बोललो नाही.

शब्द वर दिले आहेत, निबंधात वापरा. वहीचं ते पान अजून आहे. फुलपात्रही आहे, माझ्या उशाशी. बाई ते सकाळी भरून ठेवते आणि दुपारपर्यंत मी त्यातलं अर्धंसुद्धा पीत नाही.